गुडनीचे माप

माझ्या बायकोच्या, गुडनीच्या दफनाला तिच्या भावाने केलेली बिअर वाईट नव्हती. वाईट असती तर मी गप्प बसलो असतो. बिअर कोणाच्याही हातून बिघडते. पण ती स्वच्छ, हलकी, घशाखाली सहज उतरणारी होती, आणि चर्चमधून परत आलेले लोक एकमेकांना म्हणत होते, छान झाली आहे, अगदी दुकानातल्यासारखी. हे ते कौतुकाने म्हणत होते. माझ्या घरात, गुडनीच्या चुलीवर, गुडनीच्या यीस्टने केलेली बिअर दुकानातल्यासारखी.

मी बिअरचा वाडगा नाकाशी नेला. आमच्या यीस्टच्या बिअरला संत्र्याच्या सालीचा वास असतो. साल नखाने मोडली की उडतो तो वास. त्या वाडग्यात तो नव्हता.

मोन्स हा गुडनीचा धाकटा भाऊ. त्याने पस्तीस वर्षे डेअरीत दूध तपासले आणि निवृत्त झाल्यापासून समोर येईल ते तपासतो. आमच्याकडे मयताच्या घराने स्वतः बिअर करायची नसते, म्हणून तो आला होता. थर्मामीटर, वजनकाटा आणि खुणा केलेले काचेचे भांडे घेऊन.

"मग? काही बोलशील की नाही?" त्याने मला विचारले.

"यीस्ट किती लावलंस?"

"अर्धा लिटर. दीडशे लिटरला भरपूर झालं. नियमापेक्षा थोडं जास्तच."

"कोणाच्या नियमापेक्षा?"

"यीस्टच्या."

मी भरलेला वाडगा टेबलावर उपडा ठेवला. बिअर टेबलक्लॉथवरून वाहत पाद्रीबाईंच्या मांडीवर गेली. कोणीतरी हळूच म्हणाले, दुःखात आहे तो. दुःखात मी होतोच. पण वाडगा मी रागाने उपडा केला होता आणि लोकांनी ते तसेच घ्यायला हवे होते.

आमच्या घरात बिअर गुडनी करायची. मी पाणी आणायचो, बिअरच्या वासासाठी जुनिपरच्या काटेरी फांद्या तोडायचो, चूल पेटवायचो, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, ढवळायचो, पिंप घासायचो. बेचाळीस वर्षे. पण यीस्ट लावायची वेळ आली की मी बाहेर. तिच्या माहेरची तशी पद्धत होती. यीस्ट लावताना आत एकच माणूस आणि दार बंद. मग आतून तिची आरोळी यायची. यीस्ट लावताना ओरडावे लागते, नाहीतर ते आळशीपणा करते असे आमच्याकडे मानतात. गुडनी ओरडली की समोरच्या उतारावरच्या मेंढ्या माना वर करायच्या. मग दार उघडायचे आणि ती म्हणायची, "झालं. कॉफी ठेव."

किती लावलेस, हे मी तिला एकदाच विचारले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. ती म्हणाली, "लागेल तेवढं." मी पुन्हा विचारले नाही. हा माझा मूर्खपणा. पण तिलाही मार्चमध्ये कळले होते की आता फार दिवस नाहीत. दोन महिने ती खिडकीजवळच्या पलंगावर होती. कोंबड्यांना काय घालायचे, लोकरीचे मोजे कसे धुवायचे, छतावरचे कुठले पत्रे बदलायला झालेत, सगळे सांगून झाले. यीस्टबद्दल एक शब्द नाही. त्याचाही मला राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ते आपापल्या घरी म्हणावे.

जूनमध्ये मोन्स पुन्हा आला. मी दार उघडले पण बाजूला झालो नाही.

"अजून चिडलायस?"

"हो."

"बरं. मग उभ्याउभ्याच सांगतो."

गावातल्या बिअर करणाऱ्यांचे एक मंडळ आहे, मोन्स त्याचा सचिव. ऑक्टोबरमध्ये ते सभागृहात बारा घरांचे यीस्ट मांडणार होते. घरी नेऊन वाढवायला वाळवलेल्या यीस्टच्या लहान बाटल्या, आणि प्रत्येक घराचे एक छापील कार्ड. यीस्ट कोणाचे, किती गरम असताना लावायचे, किती लावायचे, किती दिवस ठेवायचे. ज्याला हवी त्याने बाटली आणि कार्ड घरी न्यायचे.

"गुडनीचं कार्ड मी भरलंय," मोन्स म्हणाला. "प्रमाण, दीडशे लिटरला अर्धा लिटर."

"ते गुडनीचं नाही. तुझं आहे."

"मग गुडनीचं किती?"

मी दाराची कडी वरखाली करू लागलो.

"बघ. तुला माहीत नाही."

"आणि तुला माहीत आहे?"

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कार्डं छापायला जातील. तोपर्यंत दुसरा आकडा सापडला तर सांग. पण आकडा हवा, आनफिन. 'लागेल तेवढं' असं छापता येत नाही."

आम्हाला मूलबाळ नाही. मोन्सचे कार्ड एकदा छापले की जो कोणी गुडनीचे यीस्ट नेईल तो दीडशे लिटरला अर्धा लिटर ओतेल, दुकानातल्यासारखी बिअर करेल आणि पाहुण्यांना सांगेल, ही गुडनीची. माझ्यानंतर त्याला नाही म्हणणारे कोणी उरणार नाही. म्हणून मी ठरवले की तिचे माप शोधून काढायचे. तळघरात तिच्या यीस्टच्या तीन बरण्या होत्या, यीस्टची कमी नव्हती. फक्त किती ते माहीत नव्हते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी चूल पेटवली. माल्टचा गोड काढा तयार झाल्यावर तो वीस-वीस लिटरच्या सहा बादल्यांत ओतला. पहिल्या बादलीला यीस्ट एक लहान चमचा. दुसरीला एक मोठा. तिसरीला दोन मोठे. असे चढवत सहावीला मोन्सचे माप. आणि प्रत्येक बादलीला एक आरोळी, कारण एकीला ओरडलो आणि दुसरीला नाही तर मोजणी बरोबर कशी होणार? मला ओरडायची सवय नाही. पहिली आरोळी खोकल्यासारखी निघाली. दुसऱ्या वेळी मोन्सचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, ती बरी निघाली. तिसऱ्यापासून कोणाचा चेहरा आणायची गरज राहिली नाही.

चौथ्या आरोळीला ओड्नी धापा टाकत दारात आली. ओड्नी वरच्या घरात राहते, वय एकोणऐंशी, गुडघे खराब. रबरी बूट उलटे घातले होते, डावा उजव्या पायात.

"कोण मेलं?"

"मेली ती मे महिन्यात."

"मग आता कशाला बोंबलतोयस?"

"यीस्ट लावतोय."

तिने बादल्या मोजल्या. "सहा वेळा?"

"सहा बादल्या आहेत."

"देवा रे. सहा बादल्या, सहा मापं आणि एक गाढव." ती उंबऱ्यावरच बसली आणि बूट बदलू लागली. "आणि असं तोंड करून यीस्ट लावू नकोस. रागाने लावलेली बिअर पिऊन लोक भांडतात. माझ्या सासऱ्याने एका नाताळला तशीच लावली होती. दोन दात पडले."

"कोणाचे?"

"त्याचेच. सासूने पाडले."

मी हसलो नाही. ओड्नी हसली, आणि मला तिचाही राग आला. पण तिसऱ्या दिवशी चाखायला मी तिलाच बोलावले, कारण तिच्याइतकी गुडनीची बिअर माझ्याखेरीज कोणी प्यायलेली नाही.

पहिल्या बादलीला फेस यायलाच दीड दिवस लागला होता. तिला आंबूस, नाकात टोचणारा वास होता. शेवटच्या दोन बादल्या दुकानातल्या. तिसरीवर ओड्नी थांबली. पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले.

"हीच," ती म्हणाली.

मीही प्यालो. तीच होती. संत्र्याची साल, मागून जुनिपर, आणि घशात थोडी गर्मी. वीस लिटरला दोन मोठे चमचे. मी लगेच मोन्सला फोन लावणार होतो. ओड्नी म्हणाली, "एकदा परत करून बघ. माणूस एकदा बर्फावरून चालून जातो, म्हणून तळं गोठलेलं असतं असं नाही."

ऑगस्टमध्ये मी पुन्हा केली. यीस्ट त्याच तिसऱ्या बादलीच्या तळाचे, ताजे. माल्ट तेच, फांद्या त्याच झुडपाच्या, दोन मोठे चमचे. दोन दिवसांनी झाकण काढले तर वासच नाही. दुकान. सप्टेंबरमध्ये तळघरातल्या सर्वांत जुन्या बरणीतून घेतले, दोन मोठे चमचे. ती नाकात टोचू लागली. तोच चमचा, तीच बादली, तोच माणूस, आणि दर वेळी वेगळी बिअर. मी चमचा भिंतीवर मारला. त्याचा दांडा वाकला. मग तोच वाकडा चमचा घेऊन मी पुन्हा केली, आणि ती कशासारखीच झाली नाही. सगळी ओड्नीच्या डुकरांना घातली. ती दोन दिवस उठली नाहीत आणि ओड्नी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्या दिवसांत मी गुडनीशी मोठ्याने भांडत होतो, हे लपवत नाही. चुलीसमोर उभा राहून. लागेल तेवढं म्हणजे किती, बाई? किती लागतं हे सांगायला तुला बेचाळीस वर्षं कमी पडली?

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी मोन्स कार्डाचा कागद घेऊन आला. या वेळी मी त्याला आत घेतले, कारण बाहेर पाऊस होता आणि शेजारी ऐकतात.

"आकडा मिळाला?"

"नाही."

"मग अर्धा लिटर."

"हे छापलंस तर सभागृहात येऊन सगळ्यांसमोर फाडीन."

"फाड. मी परत छापीन."

"तुला यातून काय मिळतं रे? बहीण होती तुझी. ती गेल्यावर तिच्या नावाखाली स्वतःचा आकडा चिकटवतोस. जिवंत असती तर तुझ्या त्या काचेच्या भांड्यात थुंकली असती. तुझा अर्धा लिटर—"

"तिचाच आहे तो!"

मोन्स कधी ओरडत नाही. दूध तपासणारी माणसे ओरडत नाहीत. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि हात खिशात घातले.

"तिला वास येत नव्हता," तो म्हणाला. "दोन वर्षं. पहिल्या औषधांनंतर नाक गेलं ते गेलंच. धुराचा नाही, शेणाचा नाही, काही नाही. तुला माहीत होतं?"

"जेवण बेचव लागतं म्हणायची."

"जेवण! अरे, ती यीस्ट नाकाने मोजायची. आईसारखी. बरणी उघडायची, वास घ्यायची. वास जोरात आला तर थोडं लावायचं, मंद आला तर जास्त. ताजं वेगळं, जुनं वेगळं. आकडा त्या घरात कधी नव्हताच, तू कुठून शोधणार? नाक गेल्यावर ती माझ्याकडे आली. माझ्याकडे! जन्मभर मला 'दूधवाल्या' म्हणून चिडवलं तिने. म्हणाली, दूधवाल्या, न चुकणारा आकडा दे. एक बिघडली म्हणून दुसरी करायला उभं राहणं आता मला जमायचं नाही. मी म्हटलं, अर्धा लिटर, वासात थोडा मार खाईल पण बिघडणार नाही. शेवटच्या दोन्ही नाताळांना तिने तेच लावलं."

"मला का नाही सांगितलं?"

"कारण तू तिला चुलीजवळ जाऊ दिलं नसतंस."

ते खरे होते.

"आणि गेल्या नाताळला तू टेबलावर काय म्हणालास, आठवतंय? मी समोर बसलो होतो."

मला तेव्हाच आठवले. मी वाडगा खाली ठेवून म्हणालो होतो, यंदाही पातळच झालीये, गुडनी. यीस्ट म्हातारं झालंय वाटतं. आणि ती म्हणाली होती, असेल. मला वाटले होते, बाजारचा माल्ट वाईट आहे. मग मी ते विसरूनही गेलो होतो.

"मी बोलायला तोंड उघडलं," मोन्स म्हणाला, "तर तिने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. आजारी बाईची लाथ नव्हती ती. नंतर माझ्याकडून शब्द घेतला. तो मी आज मोडला. तुझ्या हट्टापायी मोडला."

"बाहेर हो," मी म्हणालो.

"पाऊस आहे."

"बाहेर हो, मोन्स."

तो गेला. कागद टेबलावरच राहिला.

मी चूल असलेल्या खोलीत गेलो आणि दार आतून लावून घेतले. दोन नाताळ ती या बंद दाराआड उभी होती. बरणी उघडत असेल. सवयीने नाकाशी नेत असेल. काहीच येत नसेल. मग भावाने सांगितलेला आकडा मोजायचा, नेहमीसारखी आरोळी ठोकायची, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणायचे, झालं, कॉफी ठेव. आणि नवऱ्याने म्हणायचे, पातळ झाली. मी तिथे उभा राहून तिला नको ते बोललो. स्वतःलाही बोललो. कोणाला जास्त, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून तिन्ही बरण्या वर आणल्या आणि एकेक उघडून वास घेतला. तिन्हींचा वेगळा होता. हे मला तीन महिन्यांत कळले नव्हते, कारण मी प्रत्येक वेळी थेट चमचा घातला होता. पण कुठल्या वासाला किती, हे मला माहीत नव्हते. ते शिकायला मला आणखी वीस वर्षे लागतील आणि मी बहात्तर वर्षांचा आहे.

शनिवारी सभागृहात गेलो. मोन्स लांब टेबलाशी बसून छापायला द्यायची कार्डे लावत होता. ओड्नी बाटल्यांना दोऱ्या बांधत होती. मी त्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

"तो आकडा आजारी माणसाचा आहे," मी म्हणालो. "तिचा नाही."

"आजारी असताना ती गुडनी नव्हती का?"

 तो वर बघत होता. मी त्याच्या खिशातले पेन काढून घेतले, खुर्ची ओढली आणि प्रमाणाच्या ओळीत त्याने लिहिलेल्या आकड्याच्या आजूबाजूला लिहू लागलो. माझे अक्षर मोठे आहे. ओळ संपली, मी समासात गेलो. ओड्नीने माझ्या खांद्यावरून वाचले, तिच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असे.

"वास येत नसेल तर दीडशे लिटरला अर्धा लिटर. येत असेल तर आधी बरणी उघडून वास घ्या. जोरात आला तर त्याहून खूप कमी, मंद आला तर जास्त. दोन्ही मापं गुडनीची." ती थांबली. "वास येत नसेल म्हणजे? सर्दी झाली असेल तर?"

"नाकाचं लिहू नकोस," मोन्स हळू आवाजात म्हणाला. "तिने लपवलं होतं."

"माझ्यापासून लपवलं होतं. आता मला कळलंय. अजून कोणापासून लपवायचंय?"

"पण आनफिन, हे एवढं एका ओळीत बसत नाही."

"लहान अक्षरात छाप."

"बाकीच्या अकरा घरांची—"

"बाकीच्या अकरा घरांशी माझं काही देणंघेणं नाही. लहान अक्षरात छाप, नाहीतर कार्ड मोठं कर."

 ओड्नी कागदाकडे बघत राहिली. मग तिने नाक ओढले आणि पुढच्या बाटलीला दोरी बांधायला घेतली. या वेळी तिने विनोद केला नाही.

मी खालच्या ओळी वाचल्या. मोन्सने सगळे भरून ठेवले होते. लावताना तापमान सदतीस अंश. जुनिपर, एक जुडी.

"हे कोणी सांगितलं?"

"अंदाजाने. दफनाच्या वेळी मी तेवढंच घेतलं होतं."

"अंदाजाने!" मी दोन्ही आकडे खोडले. "बेचाळीस वर्षं पाणी मी तापवलंय. फांद्या मी तोडल्यात. मला विचारायला तोंड नव्हतं?"

"तू दारातच उभा होतास रे, आडवा. कसं विचारणार?"

"खिडकीतून विचारायचं."

"बरं, आता सांग. पण अंशांत सांग."

"एकोणचाळीस. आणि थंडीत चाळीस, कारण पिंप उष्णता खातं."

"आणि पेन दे माझं."

"थांब," मी म्हणालो. "अजून जुनिपर राहिलंय." आणि त्याच्याकडे न बघता लिहू लागलो.